मदत हवी आहे: अ‍ॅक्टिन कुळाचा रचनेवरून वंशवृक्ष, एफटीएसए भलतीकडे जातंय

मंडळी, अ‍ॅक्टिन, जिवाणूंमधली एमआरईबी, पीएआरएम, एफटीएसए आणि शिवाय एचएसपी70 या एकाच कुळातल्या प्रथिनांचा वंशवृक्ष काढायचा आहे. अ‍ॅक्टिन-एमआरईबीचं क्रमसाम्य (अमिनो आम्लांच्या क्रमातलं साम्य) जेमतेम 15 टक्के, म्हणून थेट त्रिमितीय रचना घेतल्या. रचना जुळवणाऱ्या यूएस-अलाइन प्रोग्रामने प्रत्येक जोडीचा टीएम-स्कोअर (रचनासाम्याचा 0 ते 1 आकडा) काढला, तो 1 मधून वजा करून अंतर धरलं आणि नेबर-जॉइनिंग (अंतरांवरून झाड जोडण्याची पद्धत) केलं. एफटीएसए लांब फेकलं जातंय, एचएसपी70 त्याहून लांब. कुठे चुकतंय?

प्रतिसाद 1
एचएसपी70 अख्खं घातलंत का? ते साधारण 640 अमिनो आम्लांचं, अ‍ॅक्टिन 375 चं. टीएम-स्कोअर दोन येतात, एकेका साखळीच्या लांबीने भागलेले. लांब साखळीचा आकडा उचललात तर तो पडणारच. पहिली 380 आम्लं, म्हणजे एटीपी (पेशीचं ऊर्जारेणू) धरणारं डोमेन (प्रथिनाचा स्वतंत्र घडीचा भाग), तेवढंच ठेवा. अल्फाफोल्डची (संगणकाने भाकीत केलेली) मॉडेलं असतील तर फाइलमधल्या बी-फॅक्टरच्या रकान्यात पीएलडीडीटी, म्हणजे भाकिताच्या खात्रीचा आकडा, बघा आणि टोकांकडचे 70 खालचे तुकडे छाटा.

प्रतिसाद 2
एफटीएसएचं दुखणं वेगळं. अ‍ॅक्टिनमधलं 1बी उपडोमेन त्यात नाहीच. त्याऐवजी 1सी आहे, तेही भलत्याच बाजूला. दोन्ही उडवून सामाईक गाभा जुळवा. शिवाय एटीपी बसतो ती फट उघडी की मिटलेली, यानेही स्कोअर हलतो, आणि तो फरक उत्क्रांतीचा नव्हे. दोन्ही अर्धे वेगवेगळे जुळवून बघा.

मुळात टीएम-अंतराच्या झाडाला बूटस्ट्रॅप (फांद्या किती भरवशाच्या याची चाचणी) नसतो. अनेक रचना एकत्र जुळवणारा फोल्डमेसन चालवा, अमिनो आम्लांचं आणि 3डीआयचं (रचना अक्षरांत लिहिणाऱ्या लिपीचं) अशी दोन अलाइनमेंट, म्हणजे जुळवण्या, मिळतात. झाड काढणाऱ्या आयक्यू-ट्रीत दोन विभाग करून द्या. 3डीआयला तिचीच मॅट्रिक्स (कुठलं अक्षर कशात किती सहज बदलतं याचा तक्ता) लावा. अक्षरं तीच 20 असल्यामुळे अमिनो आम्लांसाठीची एलजी मॅट्रिक्स लावली तरी प्रोग्राम मुकाट्याने चालतो आणि झाड दिसायला छान येतं, पण निरर्थक.

धागाकर्ता
आभार! फोल्ड (प्रथिनाच्या घडीची ठेवण) सारखा म्हणजे पूर्वज एकच, असं धरू का?

प्रतिसाद 2
नाही. 0.5 च्या वरचा टीएम-स्कोअर फोल्ड साधारण सारखा आहे एवढंच सांगतो. या कुळात मात्र एटीपीभोवतीचे पाच आकृतिबंध (सगळ्यांत सारखे राहिलेले छोटे तुकडे) 1992 पासून माहीत आहेत. अ‍ॅक्टिनचे अ‍ॅस्पार्टेट (एक अमिनो आम्ल) 11 आणि 154 क्रमांकाचे अलाइनमेंटच्या ज्या रकान्यांत पडतात, तिथे बाकी चौघांचेही अ‍ॅस्पार्टेट आलेत का ते डोळ्यांनी तपासा. एखादा सरकला असेल तर आधी अलाइनमेंट दुरुस्त करा, झाड नंतर.