चित्रपटांवर बेतलेले व्हिडिओ गेम बहुधा का फसतात?

तिसरी घंटा

चित्रपट आणि व्हिडिओ गेम या दोन्हींची मला सारखीच आवड आहे आणि त्यामुळे एक प्रश्न बऱ्याच काळापासून मनात आहे. लोकप्रिय चित्रपटावर गेम काढायचा म्हटले की कागदावर सगळ्या गोष्टी अनुकूल दिसतात. पात्रे लोकांच्या ओळखीची असतात, कथेचे जग तयार असते, संगीत असते आणि जाहिरातीचा मोठा भार चित्रपटाने आधीच उचललेला असतो. असे असूनही 1982 मधल्या 'ई.टी.'पासून 2008 मधल्या 'आयर्न मॅन'पर्यंत निराशा करणाऱ्या खेळांची यादी लांबलचक आहे. 'आयर्न मॅन' या चित्रपटाने मार्व्हलच्या पुढच्या सगळ्या चित्रपटांचा पाया घातला, पण त्याच सुमारास सेगा या गेम कंपनीने बाजारात आणलेल्या गेमवर समीक्षकांनी सडकून टीका केली.

माझा आजवरचा तर्क असा होता की चित्रपट पाहायचा असतो आणि गेम खेळायचा असतो, त्यामुळे दोन तासांची कथा आठ-दहा तासांच्या खेळात ताणताना मधली जागा कशाने तरी भरावी लागते आणि तिथेच रस संपतो. परंतु हा तर्क मला पुरेसा वाटत नाही, कारण जेम्स बाँडच्या चित्रपटावरचा 'गोल्डनआय 007' किंवा 2004 चा 'स्पायडर-मॅन 2' यांसारखे उत्तम खेळही चित्रपटांवरूनच झाले आहेत. माध्यमांतील फरक हाच अडथळा असता, तर हे खेळ चांगले होऊच शकले नसते. मग नेमके बिघडते कुठे? या विषयाचा अभ्यास असणाऱ्यांनी किंवा प्रत्यक्ष या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. गेमवरून काढलेले चित्रपट हा वेगळा विषय आहे, तो या धाग्यात नको.

चकवाचांदण

माझ्या मते बहुतेक वेळा दोष प्रदर्शनाच्या तारखेचा असतो. स्वतंत्र गेम तयार झाला नसेल तर प्रकाशक तो सहा महिने पुढे ढकलू शकतो. चित्रपटावरच्या गेमला ती मुभा नसते, कारण तारीख दुसऱ्याच उद्योगाने ठरवलेली असते आणि चित्रपट गेमसाठी थांबत नाही.

'ई.टी.'चे उदाहरण आपण दिलेच आहे, पण त्यामागची हकीकत पूर्ण सांगण्यासारखी आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा चित्रपट जून 1982 मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि अटारी या गेम कंपनीची मालक असलेल्या वॉर्नर कम्युनिकेशन्सने गेमचे हक्क मिळवण्याचा करार जुलैच्या अखेरीस पूर्ण केला. या हक्कांसाठी दोन ते अडीच कोटी डॉलर मोजल्याचे सांगितले जाते. नाताळच्या खरेदीपूर्वी गेमची काडतुसे (यंत्रात घालायच्या, गेम साठवलेल्या डब्या) दुकानांत पोहोचवायची, तर गेम 1 सप्टेंबरपर्यंत पुरा व्हायला हवा होता. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या तरुण अभियंत्याच्या वाट्याला त्यामुळे जेमतेम पाच आठवडे आले. याच वॉरशॉ यांनी आधी 'यार्स रिव्हेंज' हा अटारीच्या उत्तम खेळांत गणला जाणारा गेम केला होता आणि त्यासाठी त्यांना कित्येक महिने मिळाले होते. म्हणजे कौशल्याची उणीव मुळीच नव्हती. ज्या यंत्रासाठी हा गेम होता, त्या अटारी 2600 ची कार्यस्मृती अवघी 128 बाइट होती, आणि तेवढ्या जागेत त्यांनी खेळाडूला सर्व दिशांना हिंडता येईल असे जग उभे केले, ही गोष्ट मला आजही कौतुकास्पद वाटते. कमी पडला तो चाचणीचा आणि दुरुस्तीचा वेळ. खेळाडू वारंवार खड्ड्यात पडत असे आणि वर येताच पुन्हा पडत असे. अनोळखी मुलाच्या हाती गेम देऊन तो कुठे अडतो हे पाहायला आणखी काही आठवडे मिळाले असते, तर हा दोष सहज दूर झाला असता.

अटारीने सुमारे चाळीस लाख काडतुसे तयार केली आणि त्यांतली बहुसंख्य विकली गेली नाहीत किंवा परत आली. सप्टेंबर 1983 मध्ये न्यू मेक्सिकोतील अ‍ॅलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत कंपनीने आपला न खपलेला माल पुरला आणि एप्रिल 2014 मध्ये तो उकरण्यात आला, तेव्हा 'ई.टी.'बरोबर इतर अनेक खेळांची काडतुसेही निघाली. एकट्या 'ई.टी.'ने अमेरिकेतील गेमचा उद्योग बुडवला असे जे सांगितले जाते, ते मला वॉरशॉ यांच्यावर अन्याय करणारे वाटते. बाजारात तेव्हा निकृष्ट खेळांचा सुळसुळाट झाला होता आणि दुकानदारांकडे माल पडून होता.

याच्या अगदी उलट 'गोल्डनआय 007'चे झाले. चित्रपट नोव्हेंबर 1995 मध्ये आला आणि रेअर कंपनीचा गेम ऑगस्ट 1997 मध्ये. मार्टिन हॉलिस यांच्या हाताखालच्या बहुतेक मंडळींचा तो पहिलाच गेम होता, तरीही त्यांना हवा तेवढा वेळ मिळाला. चार मित्रांनी एकाच पडद्यावर एकमेकांविरुद्ध खेळण्याची सोय, जिच्यासाठी हा गेम आजही ओळखला जातो, ती काम बरेच पुढे गेल्यावर घालण्यात आली. चित्रपटाच्या तारखेला बांधलेल्या गेममध्ये असे काही सुचले असते, तरी करायला अवधी मिळाला नसता.

माळरान

चकवाचांदण यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. तारखेचा जाच खरा आहे, पण 'स्पायडर-मॅन 2' चित्रपटाच्या बरोबरीने, जून 2004 च्या अखेरीसच बाजारात आला आणि तरीही उत्तम ठरला. म्हणून मला यापेक्षा महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा की खेळाडूच्या हातांना नेमके काय करायला मिळते.

ट्रेयार्क या कंपनीने 2002 मध्ये केलेल्या आधीच्या गेममध्ये स्पायडर-मॅनचे जाळे जणू आकाशालाच चिकटत असे. दुसऱ्या गेममध्ये ते खऱ्या इमारतीला चिकटते. त्यामुळे झोका किती मोठा जाईल, कुठल्या क्षणी हात सोडला तर वेग मिळेल, उंच इमारतीच नसतील तिथे काय करायचे, हे सारे खेळाडूला शिकावे लागते आणि शिकण्यातच आनंद मिळतो. या गेममधली चित्रपटाची कथा सामान्य आहे आणि शहरातले छोटे गुन्हेही थोड्या वेळाने तेच तेच वाटू लागतात, पण मॅनहॅटनच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नुसते झोके घेत जाण्यासाठी लोक तासन्‌तास खेळत राहिले. चित्रपट पाहताना प्रेक्षकाला मनातून जे करावेसे वाटले होते, ते या गेमने त्याला करू दिले.

आता 'एंटर द मेट्रिक्स' पाहा. मे 2003 मध्ये 'द मेट्रिक्स रीलोडेड'च्याच दिवशी तो आला. वाचोवस्की दिग्दर्शकद्वयीने त्याची कथा स्वतः लिहिली आणि चित्रपटातल्या नटांना घेऊन केवळ गेमसाठी सुमारे तासाभराचे चित्रीकरण केले. चित्रपटाच्या मूळ निर्मात्यांचा एवढा सहभाग क्वचितच कुठल्या गेमला लाभला असेल. गेमची विक्रीही जोरात झाली, परंतु तो दोषांनी भरलेला होता आणि त्यात चित्रपटाचा नायक निओ म्हणून खेळता येत नव्हते, दोन दुय्यम पात्रांपैकी एक निवडावे लागे. विशेष म्हणजे काळ मंदावून गोळ्या चुकवण्याची जी कल्पना पहिल्या 'मेट्रिक्स'ने लोकांच्या मनात रुजवली होती, ती हातात घेऊन खेळण्याचे समाधान 'मॅक्स पेन'ने 2001 मध्येच, कोणत्याही चित्रपटाचा परवाना न घेता देऊन टाकले होते. 'मॅक्स पेन' करणाऱ्या रेमेडी कंपनीच्या मंडळींनी त्या चित्रपटातली करण्याजोगी कृती ओळखली आणि परवानाधारकांनी पात्रे, प्रसंग व चित्रफिती गोळा केल्या.

कळसूत्र

मी पुण्यातील एका कंपनीत काही वर्षे परदेशी गेमसाठी त्रिमितीय प्रतिमाने तयार करण्याचे काम केले आहे आणि त्यात चित्रपटांवर आधारित कामेही होती. बाहेरून सहसा न दिसणारी एक अडचण मांडते.

गेम चित्रपटाबरोबर यायचा असेल, तर त्याचे काम सुरू होते तेव्हा चित्रपटच अस्तित्वात नसतो. आम्हाला मिळत असे ती पोशाखांची रेखाटने आणि काही छायाचित्रे, तीही कडक गोपनीयतेच्या अटीवर. मध्येच पोशाख बदलतो, खलनायकाचा मुखवटा बदलतो, एखादा प्रसंग संकलनात वगळला जातो, आणि त्या प्रसंगावर बेतलेला गेमचा संपूर्ण टप्पा मात्र तोवर बांधून झालेला असतो. तो टाकला तर खेळ तोकडा पडतो आणि ठेवला तर चित्रपट पाहून आलेल्या मुलाला तो परका वाटतो. यात भर म्हणजे प्रत्येक गोष्टीला मंजुरी लागते. नटाचा चेहरा त्याच्या प्रतिनिधींनी पाहायचा, शस्त्रे आणि वाहने स्टुडिओने पाहायची, आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत इकडे काम खोळंबलेले असते, कारण त्यांच्या दृष्टीने चित्रपट पूर्ण करणे ही पहिली जबाबदारी असते आणि गेम हे आनुषंगिक उत्पादन असते. या साऱ्यात जो वेळ जातो, तो खेळण्याची रंगत तपासण्याच्या वेळातूनच वजा होतो.

'गोल्डनआय'च्या चमूला या बाबतीत मोठाच लाभ झाला. त्यांनी लीव्हज्डन येथील स्टुडिओत जाऊन प्रत्यक्ष सेट पाहिले, छायाचित्रे घेतली आणि सेटच्या आराखड्यांवरून जागा उभारल्या. त्यांतल्या बऱ्याच जागा त्यांनी आधी केवळ खऱ्याखुऱ्या वास्तू म्हणून बांधल्या आणि शत्रू कुठे असतील, खेळाडूने काय साधायचे, हे नंतर ठरवले. म्हणूनच त्या इमारतींत काही दारे, काही खोल्या खेळाला अनावश्यक आहेत आणि नेमक्या त्यांच्यामुळे ती जागा खरी वाटते. वास्तुरचना डोळ्यांसमोर तयार असल्याशिवाय अशा रीतीने काम करता येत नाही.

तिसरी घंटा

तिघांचेही मनःपूर्वक आभार. कळसूत्र यांनी सांगितलेली बाजू मला अजिबात ठाऊक नव्हती. आता एकच विचारतो. निकाल असा लागणार हे दिसत असताना प्रकाशक हे गेम वर्षानुवर्षे का काढत राहिले, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांची संख्या इतकी का घटली?

चकवाचांदण

कारण त्यांत दीर्घकाळ पैसा होता. असा गेम विकत घेणारा पुष्कळदा स्वतः खेळाडू नसून खेळाडूचे आई-वडील असत. मुलाने नुकताच पाहिलेल्या चित्रपटाचे चित्र खोक्यावर दिसले की खरेदी होत असे, समीक्षा कुणी वाचत नसे. शिवाय प्रकाशकाने हक्कांच्या मालकाला किमान हमी रक्कम आधीच दिलेली असे, त्यामुळे चित्रपटाची चर्चा ओसरण्यापूर्वी ती वसूल करणे भाग असे. खेळ चांगला होण्यासाठी आणखी वर्षभर थांबणे हा त्या हिशेबात तोटाच होता.

2005 नंतर नव्या पिढीची यंत्रे आली आणि हा हिशेब कोलमडला. चित्रे अधिक तपशीलवार झाली, त्यांच्यासाठी माणसे आणि वर्षे दोन्ही जास्त लागू लागली, चित्रपटांच्या निर्मितीचा काळ मात्र तेवढाच राहिला. लहान मुलांच्या चित्रपटांच्या आणि मालिकांच्या परवान्यांवर मोठा डोलारा उभारलेल्या टीएचक्यू कंपनीने डिसेंबर 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यामागे इतरही कारणे होती, पण या परवान्यांची घटलेली कमाई हे त्यांतले एक मोठे कारण होते. त्याच काळात ती मुले मोबाइलकडे वळली. आपल्याकडे 'धूम 3' बरोबर उडुपीच्या 99 गेम्सने काढलेला मोटारसायकलचा गेम फोनवरच आला आणि खूप लोकप्रिय झाला. चित्रपटातली धावती मोटारसायकल फोनवर खेळण्याजोगी आहे, एवढे त्यांनी नेमके हेरले होते.

माळरान

वेळ की कृती या आमच्या मतभेदाला उपयोगी पडेल अशी एक जोडी सांगतो, कारण तिच्यात परवाना आणि प्रकाशक एकच आहेत. सेगाने 'एलियन' मालिकेचे हक्क 2006 च्या अखेरीस घेतले. त्यातून 'एलियन्स: कलोनियल मरीन्स' हा गेम फेब्रुवारी 2013 मध्ये आला. कुठल्याही चित्रपटाच्या तारखेचे बंधन त्याच्यावर नव्हते आणि वेळ सहा वर्षांचा होता, पण काम अनेक कंपन्यांत वाटले गेले आणि हाती आला तो विस्कळीत, सदोष गोळीबाराचा खेळ. शत्रूंचे वागणे मूर्खपणाचे असल्याची तक्रार तेव्हा सर्वांनी केली होती. त्यामागे निदान अंशतः संगणकीय आज्ञावलीतील एका शब्दात पडलेले एक जादा अक्षर होते, हे काही वर्षांनी एका खेळाडूने शोधून काढले.

ऑक्टोबर 2014 मध्ये त्याच सेगाने 'एलियन: आयसोलेशन' काढला. क्रिएटिव्ह असेंब्ली ही कंपनी तोवर युद्धनीतीच्या खेळांसाठी प्रसिद्ध होती. तिने 1979 च्या पहिल्या चित्रपटाच्या निर्मितीची मूळ कागदपत्रे आणि छायाचित्रे अभ्यासली, गेममधल्या पडद्यांवरची दृश्ये जुन्या व्हिडिओ कॅसेटवर उतरवून मुद्दाम खराब केली, आणि मुख्य म्हणजे खेळाडूला मारता न येणारा एकच प्राणी दिला. तो आपला माग काढतो आणि आपण कपाटात, टेबलाखाली लपून श्वास रोखायचा. पहिला चित्रपट पाहताना जी भीती वाटते, ती लपण्याच्या या एका कृतीत पूर्णपणे उतरली आहे. याच गेमबरोबर एक छोटा जोडभागही मिळत असे, ज्यात सिगर्नी वीव्हर यांच्यासह मूळ नटमंडळींच्या आवाजात चित्रपटातला प्रसंग पुन्हा उभा केला आहे. तो अतिशय निगुतीने केलेला आहे, तरीही मला तो मूळ गेमपुढे फिका वाटतो, कारण चित्रपटातल्या त्या अंतराळयानावर पुढे काय घडणार हे खेळणाऱ्याला आधीच ठाऊक असते.