शिलारस की लाव्हारस?

प्रश्न : शाळेच्या पुस्तकात 'शिलारस' आणि बातम्यांत 'लाव्हारस'. दोन्ही एकच का? मुलीला समजावताना अडलो.

उत्तर : एकच नाहीत. मी विद्यापीठात अग्निज खडक शिकवते, त्यामुळे हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. वितळलेला खडक जमिनीखाली आहे तोवर शिलारस. ज्वालामुखीतून किंवा भेगेतून बाहेर पडून वाहू लागला की लाव्हा. वर येताना त्यातले बरेचसे वायू निसटतात. 'लाव्हारस' रूढ आहे, वापरायला हरकत नाही. पण उत्तरपत्रिकेत 'भूगर्भातला लाव्हारस' दिसला की मी गुण कापते, कारण खडक कुठे थिजला हेच त्यात हरवतं.

मुलीला दोन दगड हातात द्या. नांदेडकडच्या ग्रॅनाइटमध्ये फेल्स्पार, क्वार्ट्झ या खनिजांचे दाणे नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात. तो शिलारस खोलवर, अगदी सावकाश निवाला, स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला. सह्याद्रीचा बेसाल्ट मात्र काळा, एकसंध. भिंग लावलं तर फार तर फेल्स्पारच्या बारीक पांढुरक्या काड्या दिसतील. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला आणि उघड्यावर लवकर थिजला. दाणा पाहूनच ती सांगेल, कुठला शिलारस आत राहिला आणि कुठला बाहेर आला.

प्रतिसाद : आमच्याकडे विहीर खणताना 'मांजऱ्या लागला' म्हणतात. तोही बेसाल्टच का हो मॅडम?

उत्तर : हो, बेसाल्टच. वायूचे बुडबुडे अडकून राहिलेल्या पोकळ्या पुढे जिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशा खनिजांनी भरल्या, तो मांजऱ्या. एकाच प्रवाहाचा वरचा भाग बहुधा असा असतो आणि पोटातला भाग घट्ट, म्हणजे तुमचा काळा पाषाण. विहीर खणणाऱ्यांनी फार नेमका भेद केलाय. मी वर्गात हेच शब्द वापरते, आणि क्षेत्रभेटीत मुलं ते पटकन उचलतात.

'कातळ' मात्र जपून वापरा. घाटावर कातळ म्हणजे बेसाल्ट, कोकणात बहुतेकदा जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार. रत्नागिरीची कातळशिल्पं जांभ्यावर कोरलेली आहेत, आणि जांभा अग्निज खडकांत धरत नाहीत. उष्ण, दमट हवेत मूळ खडक कुजून सिलिका वाहून गेली आणि लोह-ॲल्युमिनियम मागे उरलं, त्याचा तो जांभा.