'इंडिव्हिज्युअल'ला 'व्यक्ती' म्हणायचं का? (संदर्भ: १२व्या शतकातला युरोप)

एक लेख मराठीत करतेय, त्यात '१२व्या शतकात इंडिव्हिज्युअलचा उदय झाला' असं आलंय. 'व्यक्तीचा उदय' लिहिलं की त्याआधी माणसंच नव्हती असं वाटतं. 'व्यक्तिवाद' किंवा 'मीपणा' चालेल का?

—

व्यक्तिवाद नको ताई, तो फार नंतरचा आणि राजकारणातला. मीपणा म्हटलं की आपल्याकडे सरळ अहंकारच. मुळात लॅटिन 'इंदिविदुउम' म्हणजे ज्याचे तुकडे पडत नाहीत ते, रोमन लेखक सिसेरोने ग्रीक 'अ‍ॅटम'साठी हाच शब्द वापरला होता, आणि मध्ययुगातले तर्कशास्त्रवाले तो कशालाही लावायचे, सॉक्रेटिस एक इंदिविदुउम तसा समोरचा दगडपण एक, त्यात मन वगैरे काही नाही. आपला 'व्यक्ती' वेगळ्याच वाटेने आलाय, वि + अंज्, म्हणजे प्रकट होणं, बाहेर दिसणं.

आणि १२व्या शतकात झालं ते तर आत वळणं! फ्रान्समधला तत्त्वज्ञ पीटर अ‍ॅबेलार्ड (१०७९–११४२) घ्या, त्याच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाचं नावच 'स्वतःला जाण'. त्यातलं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. एक गरीब आई, बाळाला पांघरायला पुरेसं काही नाही, थंडीत कुडकुडतंय म्हणून ती त्याला कुशीत घेऊन झोपते आणि झोपेत बाळ तिच्याखाली गुदमरून जातं. अ‍ॅबेलार्ड म्हणतो, तिला प्रायश्चित्त देतात ते बाकीच्या बायांनी जपून राहावं म्हणून, पाप मात्र तिच्याकडे नाही, कारण पाप कृतीत नसतं, मनाने कशाला संमती दिली त्यात असतं. म्हणजे न्याय करायचा तर आधी आत बघायला हवं. पुढे १२१५च्या लॅटरन परिषदेने (रोममधली चर्चची मोठी सभा) जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिश्चनाला वर्षातून एकदा तरी पाद्र्याकडे पापाची कबुली सक्तीची केली, मग हे आत बघणं साध्या शेतकऱ्यावरही आलं.

त्या काळचे लोक स्वतः 'होमो इंतेरिओर' म्हणायचे, शब्दशः 'आतला माणूस'. म्हणून मी 'आत्मभान' सुचवेन. फक्त एकटेपणाचा अर्थ त्यात येऊ देऊ नका, कारण त्याच काळात सिस्टर्शियनांसारखे नवे संन्यासी संघ निघत होते आणि माणूस आत डोकावायचा तो बहुतेकदा कुठल्या तरी संघात राहूनच.

—

'आतला माणूस' एकदम आवडलं. शीर्षकात तेच ठेवते, मजकुरात आत्मभान. व्यक्ती सगळीकडून काढून टाकते.

—

सगळीकडून नको, तर्कशास्त्राचा भाग आला तर तिथे 'एकक' बघा, दगडालाही चालतं.