मदत हवी आहे: शाळेतल्या संगणक-टॅबचे नियम मुलांना कळतील असे कसे लिहायचे?

खडू_फळा

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते. प्रश्न लांबलचक झालाय, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकी मदत मागता येणार नाही.

शाळेत संगणक कक्ष आहे. १५ संगणक, त्यांतले १३ चालू. गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी २० टॅब दिले. ते कार्यालयातल्या लोखंडी कपाटात असतात, पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातलेले. आठवी ते दहावी मिळून पटावर २१२ मुलं, त्यामुळे एकेका यंत्रावर दिवसभरात पाच-सहा जणांचे हात पडतात. मुलांना शाळेने ईमेल खाती दिली आहेत आणि गृहपाठ गूगल क्लासरूमवर येतो.

टॅब आले तेव्हा मुख्याध्यापकांनी नियमावली करायला सांगितली. मी एका मोठ्या शहरातल्या शाळेची इंग्रजी नियमावली मिळवली आणि दोन रात्री बसून मराठी केली. ३४ कलमं झाली. पालकांच्या सह्या घेतल्या. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेले होते, ती मुलं आजीचा अंगठा घेऊन आली. अंगठा कशावर उमटवतोय ते त्या आजींना कोणी वाचून दाखवलं नाही. मीही नाही.

आता मूळ गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी आठवीची एक मुलगी तास संपल्याची घंटा झाली म्हणून घाईने उठली आणि ९ नंबरच्या संगणकावर तिचं खातं उघडंच राहिलं. पुढच्या तासाला नववीची मुलं बसली. त्यांतल्या दोघांनी तिच्या नावाने वर्गाच्या पानावर घाण मजकूर टाकला आणि तिचा फोटो उतरवून घेतला. त्याचं स्टिकर झालं आणि रात्रीपर्यंत ते अर्ध्या गावाच्या फोनवर पोचलं.

मुलगी तीन दिवस शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी आली ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून शिक्षक खोलीच्या दारात उभी राहिली. मला वाटलं, ती त्या मुलांची तक्रार सांगेल. ती म्हणाली, "बाई, मी लॉगआउट केलं नव्हतं. अकरावा नियम मला लागतो ना?"

मी कपाटातून नियमावली काढून बघितली. कलम ११: 'खात्यावरून झालेल्या प्रत्येक कृतीस संबंधित विद्यार्थी व्यक्तिशः जबाबदार राहील.' माझ्याच अक्षरात. तीन दिवस ती माझ्या वाक्याला घाबरून घरी बसली होती. आता घरच्यांनी तिचा संगणक बंद केलाय. त्या तासाला ती व्हरांड्यात वही घेऊन बसते आणि मी वर्गातून तिची पाठ बघते.

त्या दोन मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलणं झालं आहे, त्यावर चर्चा नको. मला नियम पुन्हा लिहायचे आहेत. ज्याचं नुकसान झालं ते मूल आधी धावत आमच्याकडे यावं, असे नियम कसे लिहितात? एक यंत्र सहा जणांत असेल तर जबाबदारी कोणावर टाकायची? शिक्षा लिहायची की नाही? कायद्याने शाळेला काय बंधनकारक आहे? कक्षात काही तांत्रिक बदल करता येतील का, तेही सांगा. पैसे मात्र नाहीत. एआयकडून निबंध लिहून आणण्याचा प्रश्नही आमच्याकडे आहे, पण तो वेगळ्या धाग्यात विचारेन.

केबलवाला_बाबा

मॅडम, मी नेटवर्कचं काम करतो, दोन-तीन शाळांचं बघतो. तुमच्या ११व्या कलमाचं काम यंत्राने करायला हवं होतं, ते तुम्ही तेरा वर्षांच्या मुलीवर टाकलंत. घंटा झाली की मूल पळणारच.

संगणकांवर क्रोम असेल तर मुलांना गेस्ट मोडमध्येच बसवा. सगळ्या खिडक्या बंद झाल्या की लॉगिन आपोआप पुसलं जातं. उतरवलेल्या फाइली मात्र मागे राहतात, त्या कोणीतरी रोज काढायला हव्यात. विंडोजमध्ये मुलांसाठी साधं खातं करा, ॲडमिनचा पासवर्ड दोनच मोठ्या माणसांकडे ठेवा. कोणाचं खातं उघडं राहिल्याचं कळलं तर शाळेच्या ॲडमिन कन्सोलवरून (शाळेची सगळी खाती जिथून सांभाळतात ते पान) त्याच्या साइन-इन कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी, रीसेट करा, सगळीकडून बाहेर पडतं. क्लासरूमच्या सेटिंगमध्ये वर्गाच्या पानावर फक्त शिक्षकांनीच लिहायचं असं करता येतं. हे आजच करा. पुसलेल्या पोस्ट शिक्षकाला परत बघता येतात, तो पर्यायही तिथेच आहे.

राउटरला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून १.१.१.३ टाका. क्लाउडफ्लेअरची फुकट सेवा आहे, अश्लील आणि घातक साइट बऱ्याच प्रमाणात अडवते. मात्र शब्दांवर चालणारं फिल्टर लावू नका. मी बघत असलेल्या एका शाळेत ते लावलं होतं. सातवीच्या मुलीने मासिक पाळीबद्दल शोधलं तर पडद्यावर लाल पाटी आली आणि मागची मुलं हसली. त्यानंतर ती काही विचारायची थांबली असेल, तर दोष पाटीचा.

एक विचारतो. पासवर्ड कोणी ठरवले?

खडू_फळा

आम्हीच. शाळेचं नाव आणि पुढे हजेरी क्रमांक. सगळ्यांचे तसेच आहेत.

केबलवाला_बाबा

मग खातं उघडं राहिलं नसतं तरी कोणीही कोणाच्याही खात्यात शिरू शकत होतं. आधी ते बदला. मुलांना एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द जोडायला सांगा, लांबी मिळते आणि लक्षात राहतं. 'कंदील पेरू बोगदा सतरंजी' रोमन अक्षरांत लिहिलं की झालं. हे उदाहरण मात्र कोणी वापरू नका.

अकरावी_सायन्स

मी विद्यार्थी आहे, बोललो तर चालेल ना? आमच्याकडे दहावीपर्यंत अशीच नियमावली होती. कोणी वाचली नव्हती. 'दुरुपयोग', 'अनधिकृत', 'प्रतिबंधित सामग्री' असे शब्द होते. दुरुपयोग म्हणजे काय ते सरांनी ठरवायचं, त्यामुळे काही झालं तरी आपण फसणार एवढंच कळायचं. मला एकदा अनोळखी माणसाचा मेसेज आला होता, फोटो मागत होता. मी दोन आठवडे कोणाला सांगितलं नाही, कारण शाळेच्या टॅबवर इन्स्टा उघडलं होतं आणि ते नियमात बसत नव्हतं. तो माणूस काय करेल यापेक्षा टॅब जाईल याची भीती जास्त होती.

काळा_कोट

वरचा प्रतिसाद प्रत्येक शिक्षकाने वाचावा. अनोळखी माणूस याच भीतीवर जगतो.

कायद्याचं थोडक्यात सांगते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ६६ सी दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक ओळख अप्रामाणिकपणे वापरण्याबद्दल आहे आणि ६६ डी संगणकावरून तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. म्हणजे कायदा बोट दाखवतो ते दुसऱ्याची ओळख वापरणाऱ्याकडे. तुमचं कलम ११ उलट दिशेला तोंड करून उभं आहे, ते काढाच. ती मुलं १८ खालची असल्याने त्यांना बाल न्याय कायदा, २०१५ लागतो, तेव्हा 'पोलिसात देऊ' अशी धमकी नियमावलीत नको.

एका बाबतीत मात्र शाळेला सवलत नाही. मुलाचा किंवा मुलीचा लैंगिक स्वरूपाचा फोटो वा व्हिडिओ फिरत असेल, तर शाळेची अब्रू, गावातली समजूत, आपसांत मिटवणं यांतलं काही चालत नाही. पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा) कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ज्याला गुन्हा घडल्याचं कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते न करणं हाही कलम २१ खाली गुन्हा आहे. आणि कळकळीची विनंती, पुरावा म्हणून तो फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. असं साहित्य पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ बी खाली येतं, हेतू चांगला असला तरी. ज्या फोनवर ते आलंय तो तसाच बाजूला ठेवा आणि पोलिसांच्याच हाती द्या. साध्या चिडवाचिडवीचं असेल तर मात्र पुसण्याआधी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा.

नंबर नियमावलीतच मोठ्या अक्षरांत छापा: मुलांसाठी १०९८, ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर १९३०.

आणि संमतीचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि मुलाची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हा त्याचा पाया आहे. न वाचता घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. पालक सभेत उभं राहून वाचून दाखवा, प्रश्न विचारू द्या, मग सही घ्या.

निवृत्त_हेडसर

बाई, आपण स्वतःचं वाक्य तपासायला कपाट उघडलंत, हे फार मोलाचं आहे.

शिक्षेबद्दल विचारलंत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. परिपाठात नाव पुकारणं, टॅब क्रमांक अमुक कोणी बिघडवला म्हणून वर्गात उभं करणं, मी हे दोन्ही पूर्वी केलं आहे आणि आज करणार नाही. जेवढी चूक तेवढीच शिक्षा हवी. टॅब आपटला तर आठवडाभर टॅब वाटण्या-मोजण्याचं काम त्याच मुलाकडे द्या. दुसऱ्याला त्रास दिला तर काही दिवस शिक्षकाशेजारी बसून काम. तास पूर्ण काढून घेऊ नका, कारण ज्याला वापर कळला नाही त्यालाच तर तो शिकवायचा आहे.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये शाळेतल्या स्मार्टफोनबद्दल हेच धोरण धरलं. सरसकट बंदी इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही, वापराला शिस्त लावा, चांगलं ऑनलाइन वर्तन शिकवा आणि धोरण ठरवताना पालक-शिक्षकांना सोबत घ्या, असा त्याचा रोख होता. निकाल फोनचा आहे, तरी आपल्याला उपयोगी पडेल.

दुसरं, मोठ्यांनाही नियम लावा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं आपण वाचलं असेल. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायला लागला, की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मला त्यातलं भावलं ते हे, की टीव्ही आईबापांनाही बंद करावा लागतो. शाळेत आपण मुलांना 'न विचारता फोटो काढू नका' सांगतो आणि आपणच स्नेहसंमेलनातल्या मुलींच्या नाचाचे फोटो स्टेटसला ठेवतो. मुलं बघत असतात.

खडू_फळा

सगळ्यांचे मनापासून आभार. वर्गाच्या पानावर आता फक्त शिक्षकच लिहू शकतात. पासवर्ड बदलायला दोन तास लागले. चार शब्द निवडताना वर्गात जो हशा पिकला तो कितीतरी दिवसांनी ऐकला. ९ नंबरचा संगणक आणि बाकीचे बारा गेस्ट मोडवर आहेत.

३४ कलमं फाडली. आता ७ नियम आहेत आणि ते आठवी-नववीच्या मुलांबरोबर बसून लिहिलेत. त्यातले महत्त्वाचे इथे टाकते.

'कोणाचं खातं उघडं दिसलं तर काही न वाचता बंद करा. आपलं उघडं राहिलं तर बाईंना सांगा, रागावणार नाही.' 'माणसाचा फोटो काढायचा तर आधी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर नको. हा नियम शिक्षकांनाही आहे.' 'घराचा पत्ता, ओटीपी, पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही, मैत्रिणीलाही नाही.' 'पडद्यावर भीती वाटेल, लाज वाटेल असं काही आलं तर टॅब पालथा ठेवा आणि लगेच सांगा. तुम्ही तेव्हा काय उघडलं होतं हे त्या दिवशी कोणी विचारणार नाही.'

हा शेवटचा नियम अकरावी_सायन्सचा आहे असं मी धरते. शिक्षक बैठकीत त्यावर अर्धा तास वाद झाला. 'मग मुलं काहीही उघडतील आणि सांगून मोकळी होतील,' असं दोघांचं म्हणणं होतं. मुख्याध्यापक शेवटी म्हणाले, काही उघडलं ते नंतर बघू, आधी मूल आपल्यापर्यंत येऊ दे. शिक्षकांच्या फोटो-स्टेटसचा नियम मात्र कोणीही न बोलता मान्य केला.

मसुदा मी त्या मुलीला व्हरांड्यात नेऊन दिला. तिने पेन्सिल घेऊन पूर्ण वाचला. 'सांगा' या शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं, "बाई, कोणाला? तुम्ही त्या दिवशी आला नसाल तर?"

म्हणून आता नियमांखाली दोन बाई आणि एक सर अशी तीन नावं छापतोय आणि १०९८. तिघांपैकी एक जण रोज हजर असेल असं वेळापत्रक जुळवलंय. ती अजून व्हरांड्यातच बसते. शनिवारी पालक सभेनंतर मी तिच्या घरी जाणार आहे, नवीन कागद घेऊन, आणि तिच्या आजींना तो वाचून दाखवणार आहे.

शनिवारच्या आत कोणाला यात चूक दिसली तर कृपया लिहा. छपाई शुक्रवारी दुपारी आहे.