लांब डोमेन नावामुळे संकेतस्थळ शोधात मागे पडते का?

प्रश्न:
माझे संकेतस्थळ घरगुती बागकामाविषयी असून ते गेली चार वर्षे नियमितपणे चालू आहे. विषय नावातूनच कळावा म्हणून मी चार शब्द हायफनने जोडून २९ अक्षरांचे डोमेन घेतले होते. आता एका परिचितांचे म्हणणे असे, की इतक्या लांब नावाला गुगल खालचे स्थान देते आणि १० अक्षरांच्या आतले नाव घेतल्याशिवाय संकेतस्थळ वर येणार नाही. यात तथ्य आहे का? नाव बदलावे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
अक्षरे मोजून गुगल क्रम लावत नाही. डोमेन व्यवस्थेची मर्यादा एवढीच, की दोन बिंदूंमधल्या भागात जास्तीत जास्त ६३ आणि पूर्ण नावात २५३ वर्णचिन्हे बसतात. आघाडीवरच्या अनेक संकेतस्थळांची नावे छोटी असतात हे खरे, परंतु छोटी नावे सर्वांत आधी घेतली गेल्यामुळे ती बहुधा जुन्या, नावाजलेल्या आणि इतर संकेतस्थळांकडून भरपूर दुवे (लिंक) लाभलेल्या संकेतस्थळांकडे आहेत. त्या दुव्यांचे श्रेय आपण अक्षरसंख्येला देऊन बसतो.

हायफनवाल्या लांब नावांविषयीच्या संशयाला मात्र इतिहास आहे. एकेकाळी लोक शोधशब्द जसाच्या तसा डोमेनमध्ये कोंबत आणि त्याचा फायदाही होई. सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने अशा संकेतस्थळांपैकी निकृष्ट मजकूर असलेल्यांना खाली ढकलणारा बदल केला. शिक्षा मजकुराला होती, पण धसका नावांचा घेतला गेला. नावातील शोधशब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ परिणाम होत नाही, असे आता गुगलच्या मार्गदर्शिकेतच नमूद आहे.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र लांब नाव माणसांना नडते, हेही लक्षात घ्यावे. ‘फुलझाडे’ हा एकच शब्द पाहा. रोमन लिपीत ‘फु’ लिहिताना कोणी ‘यू’ घालतो, कोणी दोन ‘ओ’. ‘झा’साठी कोणी ‘झेड’ वापरतो, कोणी ‘जे’ आणि ‘एच’. चार शब्दांच्या नावात अशा जागा वाढत जातात, त्यात फोनवर पत्ता सांगताना प्रत्येक हायफन उच्चारावा लागतो, आणि ऐकणाऱ्याने एक जरी चुकवला तरी तो भलतीकडेच पोहोचतो. तुमचा दुवा देऊ इच्छिणाराही असाच चुकतो. लांबीचा शोधावर जो काही परिणाम होतो, तो असा आडवाटेने.

तरीही एवढ्यासाठी चार वर्षांचे नाव मोडू नका. मी एकदा ते केले आणि जुन्या प्रत्येक पानावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी कायमची सूचना) लावण्याऐवजी सगळी पाने सरसकट मुखपृष्ठाकडे वळवली. अशा पानांना गुगल ‘अस्तित्वात नसलेली’ समजू शकते, हे मला फार उशिरा कळले. पुढे जुन्या डोमेनचे नूतनीकरणही राहून गेले आणि वर्षानुवर्षे मिळालेले दुवे निकामी झाले. त्याची हळहळ अजून वाटते. बदल अटळच असेल, तर पानागणिक रिडायरेक्ट लावा, गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये (संकेतस्थळचालकांसाठीच्या साधनात) पत्ताबदल नोंदवा आणि जुने नाव किमान वर्षभर, शक्य असल्यास कायमचे, हाताशी ठेवा.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. मुख्य नाव आहे तेच ठेवतो. केवळ तोंडी सांगण्यासाठी एक छोटे नाव घेऊन ते याच संकेतस्थळाकडे वळवले, तर दोन नावांमुळे नुकसान होईल का?

प्रतिसाद १:
३०१ रिडायरेक्ट असेल तर होणार नाही. तोच मजकूर दोन्ही नावांवर स्वतंत्रपणे उघडू देऊ नका. तसे झाल्यास मूळ पत्ता कोणता हे गुगल ठरवते आणि तो कौल तुमच्या मनासारखा लागेलच असे नाही. छोटे नाव पूर्वी कोणी वापरले होते का, हेही घेण्याआधी जुनी वेबपाने जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हवर पाहून घ्या. शिवाय मुखपृष्ठाच्या संरचित माहितीत (शोधयंत्राला समजावी म्हणून पानाच्या कोडमध्ये ठरावीक साच्यात दिलेल्या माहितीत) संकेतस्थळाचे सुटसुटीत नाव नोंदवा, म्हणजे शोधनिकालात शीर्षकाच्या वर लांब डोमेनऐवजी ते नाव दिसण्याची शक्यता वाढेल.