बँकेने जप्त केलेला ट्रॅक्टर ऑनलाइन लिलावात घ्यावा का?

पारोळा: ट्रॅक्टर जळगावच्या यार्डात आहे. बोली लावण्याआधी काय बघू?

भुसावळ: फोटोवर जाऊ नका, माल ‘जसा आहे तसा’ मिळतो. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) जुळवा. डिपस्टिक (इंजिन ऑइल तपासायची पट्टी) काढा, ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बहुधा हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलंय.

धुळे: अनामत लिलावाच्या नोटिशीतल्या खात्यातच भरा. कोणी ‘रिफंडसाठी यूपीआय पिन टाका’ म्हणाला की फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

पारोळा: शेवटच्या मिनिटाला बोली टाकली तर?

भुसावळ: बऱ्याच ठिकाणी वेळ आपोआप वाढते, तेव्हा चलाखी वाया. जीएसटी, यार्डभाडं धरून आकडा आधीच ठरवा. जिंकून पैसे भरले नाहीत तर अनामत बुडते. आणि बँकेकडून फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा संपल्याची सूचना) घ्याच, नाहीतर आरसीवरचा बोजा उतरत नाही.