तिबेस्ती पर्वत: उंची असूनही पाऊस का नाही?

वाळूवाट: उत्तर चाडमधल्या तिबेस्तीचा नकाशा तयार करतोय. तिथलं सर्वोच्च शिखर एमी कूसी ३,४०० मीटरच्या वर, तरी बार्दाई गावाला वर्षाला जेमतेम १२ मिमी पाऊस कसा? आणि उपग्रहचित्रात ‘ट्रू ओ नात्रों’ या ज्वालामुखी विवराच्या तळाशी पांढरं दिसतं, तो बर्फ आहे का?

कातळ: नुसत्या उंचीने पाऊस पडत नाही, हवेत बाष्प हवं. इथे वर्षातला बराच काळ हवा वरून खाली उतरते, तापते आणि ढग विरतात. पावसाळी वारे दक्षिणेकडून, तेही उन्हाळ्याच्या शेवटी जेमतेम पोचतात. बार्दाई पडली डोंगराच्या उत्तरेला, साधारण १,००० मीटरवर, म्हणजे पर्जन्यछायेत. माथ्यावर पाऊस त्याहून बराच जास्त असतो.

नदीपात्रं (स्थानिक शब्द ‘एन्नेरी’) तुटक रेषेनेच दाखवा, पण पुराचा धोका जरूर लिहा. उघड्या लाव्हावर माती नाही, पाणी मुरत नाही. वर कुठेतरी सर आली की डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही खाली लोंढा येतो. पात्रात तंबू नकोच. बारमाही पाणी शोधायचं तर अरुंद घळींतल्या, सावलीतल्या कातळकुंडांत.

खारजमीन: पांढरं ते बर्फ नव्हे, सोडियम कार्बोनेटचा थर. विवराला बाहेर वाट नाही, त्यामुळे पाणी उडून जातं, क्षार उरतात. माथ्यांवर क्वचित हिम पडतं खरं, म्हणून जानेवारी आणि जुलैची चित्रं शेजारी ठेवा: दोन्हींत तेच पांढरं दिसलं तर क्षारच. एमी कूसीवरच्या एरा कोहोर विवरातही हेच. नात्रोंच्या विवरात डायटमचे (पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांचे) थरही आहेत, म्हणजे तिथे एकेकाळी खोल तळं होतं. नकाशात ती नोंद हवीच.